आईचं मत उमरीला होतं

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कलेक्टर कचेरीच्या अर्ध्या शाखा उसन्या जागांत होत्या. आमची निवडणूक शाखा एका सरकारी गोदामाला लागून असलेल्या दोन खोल्यांत बसायची. फाइली उस्मानाबादहून येत होत्या, कपाटं अजून यायची होती, आणि मी नुकतीच लागलेली कारकून. आमच्या घरातली पहिली नोकरी. उमरीला, आमच्या वस्तीत, आई ज्याला त्याला सांगायची की पोरगी नव्या जिल्ह्यात हाय, जणू जिल्हा मीच मंजूर करून आणला होता.

पावसाळा कोरडा गेला होता. थंडी सरायच्या आतच लातूरच्या नळांना पाणी येईनासं झालं. गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नव्हता. मी कचेरीत असताना आला की माझे हंडे रिकामेच. निवडणूक जाहीर झाली तसं माझं घरी येणं आणखी उशिराचं झालं, म्हणून आई मदतीला आली. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, उमरीला ती एकटीच राहायची. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "मतदानाच्या आधी मी माघारी जानार. तवा मला राहा म्हनू नको."

या हट्टाला कारण होतं. मागच्या निवडणुकीच्या वेळी ती हदगावला माझ्या मामाकडे गेली होती. मतदानाच्या दिवशी परत येताना एसटी वाटेत बंद पडली आणि ती दुपारी केंद्रावर पोचली. तिथल्या माणसाने यादीतल्या तिच्या नावावरची रेघ दाखवली. तिचं मत पडून गेलं होतं. आईने बोट पुढे केलं, बोटाला शाई नव्हती. केंद्राध्यक्ष भला माणूस असावा. त्याने तिला वेगळी मतपत्रिका दिली, शिक्का मारायला लावला, पण तो कागद पेटीत न टाकता एका पाकिटात ठेवला. आई त्यावर समाधान मानून घरी आली. नोकरी लागल्यावर मी त्या पाकिटांबद्दल वाचलं. कोर्टाने सांगितल्याशिवाय ती कुणी उघडत नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाली, "म्हंजी आपून गावात नसलो की आपलं मत मोकळं फिरतंय."

जायच्या दोनतीन दिवस आधी टँकर आला. मी कचेरीत होते. मला निरोप आला तो घरमालकाकडून. टँकरच्या नळीपाशी बायांची झुंबड उडाली, फरशीवर पाणी सांडलेलं होतं, आई भरलेला हंडा उचलताना घसरली आणि हंडा तिच्या पायावर आला. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तिला बाकावर झोपवलेलं होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं शुद्ध हरपली. तिने डोळे न उघडताच विचारलं, "हंडा आनला का कुनी घरी?"

नडगीचं हाड मोडलं होतं. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर तरुण होते, कामाने पिचलेले. म्हणाले, "पाय उंच ठेवायचा. हलवायचं नाही. हाड सरकलं तर वाकडं जुळेल."

"उमरीला कवा जाऊ?" आईने विचारलं.

"महिनाभर तरी विचार करू नका."

आई माझ्याकडे बघू लागली. मी खिडकीकडे बघितलं.

त्याच आठवड्यात माझी टपाली मतपत्रिका आली. माझंही नाव उमरीच्याच यादीत होतं. निवडणुकीच्या कामावर असलेल्या माणसाला आपल्या गावी जाता येत नाही, म्हणून त्याला टपालाने मत द्यायची सोय असते. मी रीतसर अर्ज केला होता. असे कितीतरी अर्ज मी स्वतः रोज हातावेगळे करत होते: शिक्षकांचे, ग्रामसेवकांचे, सीमेवरच्या जवानांचे. पाकिटात पाकीट, त्यात घोषणापत्र, वर लाख. दिवसभर लोकांची मतं पोस्टात टाकायची आणि संध्याकाळी आईच्या खाटेशी जाऊन बसायचं. ती रोज तेच विचारायची, "तुज्या सायबाला इचारलं का, मला बी टपालानं टाकता येतंय का म्हनून?"

आमच्या शाखेचे प्रमुख नायब तहसीलदार होते. पन्नाशीचे, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, बोलताना मध्येच 'बराबर' म्हणायचे. मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मला वाटतं त्यांना ते पाठ होतं, पण माझ्यासाठी त्यांनी ते उघडून बोटाने एकेक ओळ वाचली. "फौजेतला माणूस. कामावरचा माणूस, म्हणजे तुम्ही. आणि स्थानबद्ध. बस."

"स्थानबद्ध म्हणजे?"

"ज्याला सरकारने खटल्याशिवाय डांबून ठेवलंय तो. त्याला टपालाने मत देता येतं."

"आणि दवाखान्यात असलेला?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "त्याला नाही. आजारी पडलेला नाही, पाय मोडलेला नाही, घरात मयत झालेला नाही. नियम करणाऱ्याला हे सुचलं नसेल असं नाही. पण प्रत्येक आजाऱ्याची खात्री कुणी करायची, म्हणून सोडून दिलं असेल."

"साहेब, ती माझ्यासमोर रोज जागी आहे. बोलते. हाताला काही झालेलं नाही."

"मला कळतंय," ते म्हणाले. "पण माझ्या हातात नाही."

मी टेबलाशी परत आले आणि दुपारपर्यंत एका शिक्षकाचं पाकीट दोनदा चिकटवलं, दोनदा फोडलं. मला नियमाचा राग येत होता, आणि आईचाही. एका मताने काय होणार होतं, असं तिला विचारावंसं वाटत होतं, आणि असं विचारणारी मी स्वतः निवडणूक शाखेत बसले होते.

संध्याकाळी आईला स्थानबद्धाचं सांगितलं. तिने पांघरूण प्लास्टरवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मग मला आटक करा म्हनावं. न्हाईतरी हितं डांबल्यागतच हाय." शेजारच्या खाटेवरची बाई हसली. आई हसली नाही.

मी पिशवीतून माझी मतपत्रिका काढली. वाटेत मी ठरवलं होतं. "हे घे," मी हळू आवाजात म्हणाले. "तू सांग कुणाला. मी खूण करते. तुझंच समज."

तिने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने नावांवरून बोट फिरवलं, कडेची चित्रं पाहिली, मग कागद नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. "हे तुजं हाय. तुला कुनाला द्यायचं त्याला दे, मला सांगू बी नको. माजं माज्या नावाम्होरं पडाया पायजे. न्हाईतर तिथं दुसरी कुनीतरी जाऊन टाकनारच हाय. समद्या गावाला ठावं हाय मी लातूरला पडून राहिले म्हनून."

मग तिने मामाला बोलावून घ्यायला सांगितलं.

मामा हदगावच्या कापूस बाजारात हमाल होता. त्या साली कापूसच नव्हता, त्यामुळे तो रिकामाच होता. दुसऱ्या दिवशी तो एसटीने आला, धोतराचा सोगा खोचून, दवाखान्याच्या दारातच विचारू लागला, "आक्का कुठाय?" बहिणीचं म्हणणं त्याने उभ्यानेच ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला. "उचलून न्यायचं माझ्याकडं लागलं. गाडीचं तू बघ."

मी म्हणाले, "मामा, डॉक्टर नको म्हणालेत."

"तिला सांग की."

मी तिला सांगितलं. सगळं. हाड सरकेल, पाय वाकडा होईल, जन्मभर लंगडावं लागेल. ती म्हणाली, "कळलं." मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मला ऐकू येतंय."

गाडीचं कुठे बघायचं ते मला सुचेना. जीपा सगळ्या निवडणुकीच्या कामाला लागल्या होत्या. एसटीच्या बाकावर ताठ प्लास्टर मावणार नव्हतं. मी घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. घरमालक बाहेर आले. डाळ मिलमध्ये त्यांची भागीदारी होती. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. वर्षभरापूर्वी मी खोली मागायला आले तेव्हा त्यांनी जात विचारली होती. मी बौद्ध म्हटल्यावर ते बराच वेळ पानाला चुना लावत बसले होते, मग किल्ली दिली होती. त्यानंतर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं. सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणायची.

"आईचं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. का सांगितलं ते आजही सांगता येणार नाही. डोक्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिकडं माल न्हाई," ते म्हणाले. "मिल चालवायला तूर नांदेडच्या मालधक्क्यावरून आणावी लागतीय. उद्या सकाळी आमचा ट्रक रिकामा चाललाय. बारदाना पसरून देतो, वर गादी टाका. नांदेड स्टेशनपर्यंत सोडंल. पुढं रेल्वे हाय."

मी उठून उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "डायवर जुना हाय. हळू नेतो."

दवाखान्यात मला एका कागदावर सही करावी लागली, की आम्ही आमच्या जबाबदारीवर नेत आहोत. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पण ट्रक दारात आला तेव्हा ते स्वतः खाली आले, पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, आणि मामाला दाखवलं की उचलताना टाचेखाली हात कसा ठेवायचा. साहेबांना मी रजा विचारली होती. ते नाही म्हणाले. मतदानाच्या दिवशी संपर्क कक्षात माझी नेमणूक होती आणि माणूस कमी होता. पण मी निघताना त्यांनी हाक मारून थांबवलं. "ज्याला अपंगत्वामुळे स्वतः जाता येत नाही त्याला सोबती आत नेता येतो. तसा नियम आहे, बराबर. मामांना सांगा, अडवलं तर केंद्राध्यक्षांना शांतपणे सांगायचं. भांडायचं नाही." मी ते मामाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मतदानाच्या आदल्या सकाळी ट्रक निघाला. बारदान्यावर गादी, गादीवर आई, डोक्यावर पदर. ट्रक वळेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर, ट्रकच्या टपाकडे बघत होती, जसं काही तिलाच चालवायचा होता.

माझी मतपत्रिका मी त्याच दुपारी भरली. साहेबांसमोर घोषणापत्रावर सही केली, त्यांनी साक्षांकन केलं, पाकीट पोस्टात गेलं. पाच मिनिटांचं काम. टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला आणि मला एकाएकी फार ओशाळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संपर्क कक्षात दोन फोन होते. तालुक्यांतून आकडे यायचे, मी ते लिहायचे: उदगीर, निलंगा, अहमदपूर, औसा. कान फोनला आणि जीव नांदेडच्या रस्त्यावर. ट्रक कुठे आदळला असेल. गाडी चुकली असेल. मामा स्टेशनात तिला पाठीवर घेऊन उभा असेल. उमरीला फोन म्हणजे पोस्टात, आणि पोस्ट त्या दिवशी बंद. दुपारी साहेब म्हणाले, "तुम्ही उदगीरचा आकडा निलंग्यात लिहिलाय." मी खोडून दुरुस्त केला. थोड्या वेळाने ते स्वतः चहा घेऊन आले, माझ्यापुढे ठेवला आणि फोन आपल्याकडे ओढून घेतला. "बसा जरा." बसणं मला जमलं नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले.

त्या दिवशी मतदान संपलं, पेट्या आल्या, सील तपासली, आणि उमरीची काहीच बातमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रक तूर घेऊन परतला. मी मिलवर गेले. ड्रायव्हर कट्ट्यावर बसून भाकरी खात होता. "टेशनात उतरवलं," तो म्हणाला. "गाडी लेट हाय म्हणत होते. फलाटावर सावलीला टाकलं न् मी आलो."

"किती लेट?"

"ते न्हाई म्हाईत. पण मावशी बरी होती. मलाच इचारलं, जेवलास का म्हणून."

मतमोजणी उरकल्यावर मला रजा मिळाली. नांदेडला उतरून पॅसेंजरने उमरी गाठली. दोन्ही बाजूंना उघडी काळी रानं, मध्येच एखादा हिरवा तुकडा जिथे विहिरीला अजून पाणी होतं. घराच्या दारात आई बाजेवर बसली होती. प्लास्टर मातीने काळं झालेलं, पाय उशीवर. मला पाहून तिने डाव्या हाताचं बोट वर केलं. शाई अजून गेली नव्हती.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

काय झालं ते मामाने सांगितलं, आणि आईने मध्येमध्ये दुरुस्त केलं. गाडी आली ती संध्याकाळी. ब्रेकच्या डब्यातल्या गार्डने आईला आत घेतलं. सकाळी मामाने शाळेतून खुर्ची आणली, वस्तीतल्या दुसऱ्या एका गड्याला धरलं, आणि दोघांनी आईला खुर्चीसकट उचलून केंद्रावर नेलं. रांगेतल्या बायांनी वाट दिली. दाराशी पोचतात तोच आतून यादीवाल्याचा आवाज आला. त्याने मोठ्याने आईचंच नाव वाचलं.

टेबलापुढे पदर पुढे ओढलेली एक बाई उभी होती. हातात चिठ्ठी. एजंट लोक यादीत डोकं घालून बसले होते, कुणी वर पाहत नव्हतं.

"मी लई वरडलो," मामा म्हणाला.

"न्हाई वरडला," आई म्हणाली. "तोंड उघडलं व्हतं, मी हात धरला. मीच म्हनले, बाई, ती चिठ्ठी माजी हाय. दे."

ती बाई वळली. वीस-बावीस वर्षांची सून होती, गावातल्या एका मोठ्या मळ्यावर काम करणाऱ्या घरातली. धर्माबादच्या पलीकडून, तेलंगणातून लग्न होऊन आलेली. आईने तिला रानात खुरपताना पाहिलेलं होतं. पोरीचं तोंड पांढरं पडलं. तिने चिठ्ठी आईच्या हातात ठेवली आणि तेलुगू मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "अम्मा, मला दिले. जा म्हनले. मला ठावूक नाही."

केंद्राध्यक्ष उठून आले. त्यांनी आईला विचारलं, तक्रार करायची आहे का, पोलिसात देता येईल. मामा हो म्हणत होता. कुणी पाठवलं ते सगळ्यांना कळत होतं आणि पाठवणारा मळ्याचा मालक बाहेर झाडाखाली बसला होता. पण पोलीस धरणार होते त्या पोरीला.

"मग तू काय म्हणालीस?" मी आईला विचारलं.

"म्हनले, माजं मत आजून पडलं न्हाई न्हवं? मग मला टाकू द्या. तिला जाऊ द्या."

तिने टाकलं. आडोशापर्यंत खुर्ची नेली, मामा सोबत आत जायला निघाला तर म्हणाली, "तू म्हागं हो. माजे हात धड हायेत." शिक्का मारला, घडी घातली, पेटीत सोडली. परत येताना ती पोरगी दाराबाहेर भिंतीला टेकून उभीच होती. आईने खुर्ची थांबवायला लावली.

"तुजं टाकलंस का?"

"माझं नाव नाही," पोरगी म्हणाली.

एवढं सांगून आई थांबली आणि बाजेखालची काडी मागून घेऊन प्लास्टरच्या आत खाजवू लागली. मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, "दुखतंय. खाज त्याहून वाईट."

हाड सरकलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढलं तेव्हा पाय जुळला होता, पण थोडा आत वळलेला. पुढे आई डाव्या बाजूला झुकत चालायची आणि पावसाळी हवा झाली की नडगी चोळत बसायची. मला ती चाल बघवायची नाही. कधीकधी मी तिच्यावर चिडायची, की ऐकलं असतंस तर. ती म्हणायची, "तू हंडं बी उचलू नको म्हनायचीस. ऐकलं असतं तर टँकरलाच गेले नसते." आणि वर, "पानी कोन भरनार व्हतं मग?"

त्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याचे आणखी हाल झाले. मी आईला परत बोलावलं नाही. घरमालकिणीने माझे हंडे आपल्या हंड्यांबरोबर ठेवायला सुरुवात केली, टँकर आला की आधी माझे भरून घ्यायची. मी कचेरीतून आले की ते दाराशी झाकलेले असत.

पुढच्या वर्षी याद्या दुरुस्त व्हायला निघाल्या तेव्हा आई भोकरला तहसीलमध्ये गेली. तेव्हा उमरीचा तालुका तोच होता. एसटीत चढायला तिला दोघांचा हात लागायचा, तरी गेली, कारण बरोबर ती सून होती. घरी तिने काय सांगून सुटका करून घेतली होती कुणास ठाऊक. कारकुनाने लग्नाचा दाखला मागितला. दाखला नव्हता. आईने त्याला सांगितलं की माझी पोरगी लातूरला निवडणुकीच्या शाखेत हाय, तिला इचारून सांगते काय लागतं ते. मग त्यानेच सांगितलं काय लागतं ते. दोन खेपा झाल्या.

मी उन्हाळ्यात गेले तेव्हा ती सून आमच्या अंगणात बसलेली दिसली, आईच्या पायाला तेल चोळत. मला बघून उठायला लागली. आई म्हणाली, "बस गं, घरचीच हाय ती." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "हिचं यादीत आलेलं नाव कुनाला खोडता येतं का परत?"

मी म्हणाले, खोडता येतं, पण आधी नोटीस द्यावी लागते.

"कुनाला द्यावी लागते?"

"जिचं नाव आहे तिला."

आईने हे त्या पोरीला तिच्या भाषेत जमेल तसं समजावलं. पोरगी मान हलवत ऐकत होती आणि तिचे हात चालूच होते.